मी लावून दिलेला क्रम

या लेखकाचं आधी काय वाचू, असं कोणी विचारलं की मी एका दमात सांगते: ऐतिहासिक आधी, रहस्यकथा नंतर. ऐकणाऱ्याला नवल वाटतं. बाकी सगळे उलट सांगतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. रहस्यकथा सोप्या, पानं झरझर उलटतात, शेवटाआधी पुस्तक खाली ठेववत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या जड. पहिल्या चाळीस पानांत वेढा, सनदा, फौजा आणि मोडीतली पत्रं. तरीही मी आधी त्याच वाचायला सांगते. का, ते आजवर कोणाला सांगितलं नाही.

लेखकाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याचा यात काडीचा दोष नाही. हा माणूस दोन हातांनी लिहायचा. एका हातानं किल्ले, दरबार, उपाशी शिबंदी. दुसऱ्या हातानं कुलूपबंद खोल्या, हरवलेली मृत्युपत्रं, विहिरीत सापडलेली तांब्याची घागर. एकाच माणसाचं हे आहे असं वाटायचं नाही. मला तर त्याच्या किल्ल्याच्या कादंबरीइतकं दुसरं काही आवडलं नाही. सहा महिन्यांचा वेढा, आत मूठभर माणसं. ती कादंबरी मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा रडले.

बालाघाटात आमचं मराठी वाचनालय म्हणजे देवळामागची एक खोली, दोन कपाटं आणि एक डुगडुगणारा बाक. छप्पन्न साली नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. त्यानंतर पुस्तकं येणं कमी झालं, मग वाचणारेही कमी झाले. मी प्राथमिक शाळेत मराठीचे वर्ग घ्यायची. माझीच पोरं मधल्या सुट्टीत हिंदीत भांडायची आणि मी आले की मराठीत गप्प बसायची. गुरुवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी सकाळी मी वाचनालय उघडायची. पगार नव्हता, मिरवणं मात्र भरपूर होतं. कोणी काय वाचायचं हे मी ठरवायची आणि त्यात कोणाचं ऐकायची नाही.

माझी एक पद्धत होती. दिलेल्या प्रत्येक पुस्तकात मी शेवटच्या पानाशी एक चिठ्ठी ठेवायची. वर लिहायचं ‘पुढचं’ आणि खाली पुढे वाचायच्या पुस्तकाचं नाव. चिठ्ठ्या शाळेच्या जुन्या वह्यांच्या कागदाच्या, चार बोटं रुंद. वाचक पुस्तक परत आणताना ती चिठ्ठी दाखवायचा आणि मी ते पुढचं पुस्तक काढून द्यायची. लोक वाचनालयात शिरताना म्हणायचे, ‘‘बाई, माह्यं पुढचं काढून ठेवा.’’ आमच्यात ‘पुढचं’ या शब्दाला एवढाच अर्थ होता.

तो आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत तो हजेरी घेणारा बाबू होता. रविवारी बसनं कटंगीला यायचा आणि तिथून छोट्या गाडीनं बालाघाटला. त्याचे वडील भंडाऱ्याकडचे. कामासाठी जबलपूरला गेले आणि तिथंच राहिले. घरात बोलणं आपलं, शाळा सगळी हिंदी. वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हापासून, तो सांगायचा, त्यांच्या घरात मराठी पुस्तकं आली, पण वाचणारं कोणी नव्हतं. बोलता येणारी भाषा वाचता येत नाही याची त्याला लाज वाटायची. पहिल्या दिवशी तो दारातच उभा राहून म्हणाला, ‘‘बहनजी, मले मराठी वाचाले शिकाचं आहे. सोपं काही द्या.’’

बहनजी! त्या भागात मास्तरणीला सगळे तेच म्हणत, पण मला हसू आलं. मी त्याला त्या लेखकाची सगळ्यात लहान रहस्यकथा दिली आणि चिठ्ठीवर एकाऐवजी सहा नावं लिहिली. पहिल्या पाच रहस्यकथा. सगळ्यात शेवटी किल्ल्याची कादंबरी, आणि तिच्यापुढे कंसात ‘सावकाश, तयार झाल्यावर’. क्रम मीच लावला. शहाणपणा मिरवायची एवढी हौस मला दुसऱ्या कशाची नव्हती.

तीन महिन्यांनी पुस्तक परत आलं तेव्हा चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं शब्दांची रांग होती. न कळलेले शब्द. मी एकेकाचा अर्थ लिहून दिला. पण खरी गंमत त्यानं तोंडी विचारली. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, ‘‘बाकी समदं समजलं. पन शेवटी त्या खुन्याले शाळेत काहून पाठवलं?’’

मी पुस्तक उघडलं. ‘खुन्याला शिक्षा झाली’ असं छापलेलं होतं. त्याच्या हिंदी शाळेत शिक्षा म्हणजे शिक्षण. मार खाण्याला सजा. मी एवढी हसले की बाकावर बसलेले दोन म्हातारे उठून पाहू लागले. तोही हसला, पण कान लाल झाले होते. पुढे कितीतरी दिवस मी त्याला चिडवायची, ‘‘आज कोणाला शिक्षा मिळाली?’’ तो म्हणायचा, ‘‘मलेच मिळून राह्यली. दर रविवारी.’’

न कळलेला शब्द तो कधी सोडायचा नाही. माझ्या वर्गातल्या एका पोरात ही चिकाटी नव्हती. चौथ्या रहस्यकथेपर्यंत शब्दांची रांग तीन-चारवर आली. एकदा पुस्तक परत देताना त्यानं मला बहनजी म्हटलं नाही. बाईही म्हटलं नाही. काहीच न म्हणता पुस्तक पुढं केलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. सांगायला काय हरकत आहे, मला फार बरं वाटलं.

दीड वर्ष असं चाललं. आम्ही त्या खोलीबाहेर एकत्र चार पावलंही चाललो नाही. बोलणं सगळं पुस्तकांचं. खुनी कोण हे त्याला माझ्याआधी कळायचं आणि मला त्याचा राग यायचा. पाचवी रहस्यकथा हातात असताना एका रविवारी बाकावर कोणी नव्हतं, तेव्हा तो म्हणाला की तो मामाला घेऊन आमच्या घरी यायला तयार आहे. मी म्हटलं की आधी मी घरी बोलते; तोवर तुम्ही इथं येऊ नका, लोकांच्या डोळ्यांवर येईल. खाणीच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका पंधरवड्यातून एकदा येऊन तिकडच्या सगळ्या वाचकांची पुस्तकं न्यायचे. त्यांच्याबरोबर येणाऱ्या पुस्तकात मी निरोप ठेवावा असं ठरलं. ‘‘तुमी कळवा,’’ तो म्हणाला, ‘‘मी येनाऱ्या रविवारीच येतो.’’

आमचं घर शेतकऱ्याचं. लामत्याकडे थोडी जमीन, गावात राहतं घर आणि नाक मात्र जमिनीपेक्षा मोठं. मी विषय काढला तेव्हा मायनं आधी ऐकलंच नसल्यासारखं केलं, मग डोक्याला हात लावून बसली. ‘‘कोनाचा पोरगा, कोनत्या समाजाचा, लोकाईले काय तोंड दाखवू?’’ बाबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. मी त्या घरात आठ दिवस जे केलं ते आयुष्यात पुन्हा कशासाठी केलं नाही. भांडले, पाया पडले, दोन दिवस जेवले नाही. मायच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरले. बाबांना तोंडावर विचारलं, की मला शिकवलं ते कशाला, सही करायला? एरवी मी त्यांच्यापुढे मान वर करून बोलायची नाही.

आठव्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. आरशातच पाहत म्हणाले, ‘‘मानूस पाह्यल्याशिवाय मी नाई कसं म्हनू? येऊ दे त्याईले. पाहू.’’

पाहू. एवढंच. पण माझे बाबा ‘पाहू’ म्हणाले की अर्धं झालेलं असे, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. माय चुलीपुढे डोळे पुसत होती आणि मी शाळेत उशिरा पोचले.

गुरुवारी कंपाउंडरकाका आले. त्यांच्या थैलीत द्यायला मी यादीतली शेवटची रहस्यकथा घेतली आणि चार बोटांची चिठ्ठी पुढं ओढली. काय लिहू? काका पुस्तक उघडून पाहणारे होते, सगळे उघडून पाहायचे. ‘बाबा हो म्हणाले, या’ असं लिहायला जीव धजेना, शिवाय बाबा हो म्हणालेही नव्हते. आणि खरं सांगायचं तर दीड वर्ष रहस्यकथांवर बोलून बोलून मला सूचक लिहायची खोड लागली होती. मी लिहिलं:

‘घरी बोलले. शिकस्त केली. पुढचं तुम्ही बघा.’

वाचून माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. तिऱ्हाइताला काही कळायचं नाही, आणि ज्याला कळायचं त्याला सगळं कळेल. मी माझ्या परीनं जेवढं शक्य होतं तेवढं केलं, आता पाऊल तुम्ही उचला. ‘प्रयत्नांची शिकस्त’ असं पूर्ण लिहिणार होते, पण चिठ्ठी लहान होती. मास्तरीण असून एक शब्द वाचवला.

रविवारी बाबा सकाळीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले. मायनं तोंड पाडूनच पोहे भिजवले. मी वाचनालय उघडायला गेले नाही. कटंगीची गाडी आली तिची शिटी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. शिटी झाली, मग टांगे जायचा आवाज झाला, मग काहीच झालं नाही. दुपारच्या गाडीचंही तसंच. मी आतल्या खोलीत नवं लुगडं नेसून उभी होते. बसलं तर चुरगळेल म्हणून बसलेही नव्हते. दिवस कलल्यावर मायनं ते पोहे गाईपुढे ठेवले. बाबा म्हणाले, ‘‘सुट्टी नसन भेटली. खानीचं काम आहे.’’

पुढच्या रविवारी मी काही बोलले नाही, पण बाबा पुन्हा धोतर बदलून ओसरीवर बसले. दुपारपर्यंत बसले. मग उठले आणि त्या विषयावर मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला रागावले असते तर मी सोसलं असतं. त्यांच्या नाकाला ठेच लागली ती मी पाहिली, आणि ती माझ्यामुळे लागली होती.

महिन्याभरानं कंपाउंडरकाकांनी त्याचं पुस्तक परत आणलं. मी त्यांच्यासमोरच पानं झटकली. चिठ्ठी नव्हती. शब्दांची रांगही नव्हती. काका म्हणाले, ‘‘त्यानं बदली मागून घेतली ना. गेला तो छिंदवाड्याकडे, कोळशाच्या खानीत. तुमाले सांगतलं नाई?’’

नाही सांगितलं. मी त्याला भित्रा ठरवलं. इतकं सोपं होतं ते. मामाला आणायची हिंमत झाली नाही, समाजाला घाबरला, पळाला. अकरा वर्षं मी त्याला मनातल्या मनात भित्रा म्हणत होते, स्वयंपाक करताना, वह्या तपासताना, बाबांच्या आजारपणात त्यांचे पाय चेपताना तर फारच. लग्न केलं नाही. त्याच्यासाठी नव्हे, असं मी लोकांना सांगते. बाबा गेले तेव्हाही माझ्या डोक्यात हेच आलं, की याच्या पायी माझ्या बापाला दोन रविवार ताटकळावं लागलं.

मग सत्तरनंतरच्या एका उन्हाळ्यात तो वाचनालयाच्या दारात उभा राहिला. मराठीचे वर्ग तोवर बंद होऊन मी हिंदीचे घेत होते. वाचनालयात आठवड्याला चार माणसं यायची, त्यातली दोन पंख्यासाठी. मी पुस्तकांची धूळ झटकत होते. त्याचे केस विरळ झाले होते, चष्मा लागला होता, पण उभं राहणं तेच, उंबऱ्याच्या बाहेर, आत या म्हणेपर्यंत. परसवाड्याला बायकोच्या नात्यात लग्न होतं, त्यासाठी आला होता. दोन मुली आहेत म्हणाला. मी बसा म्हटलं. हातातलं फडकं ठेवलं नाही.

इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवेना. काय राहिलं होतं आता लाजायचं? मी विचारलं, ‘‘तेव्हा काहून नाही आले?’’

तो चकित झाला. खरोखर चकित. म्हणाला, ‘‘तुमीच तं लिहिलं होतं. शिकस्त झाली म्हून.’’

मी म्हटलं, ‘‘हो, मग?’’

‘‘मग काय? तुमी हरल्या. पुढचं आता तुमचं तुमी पाहा म्हनून लिहिलं होतं तुमी. पुढचं पुस्तकही नाई लिहिलं होतं खाली. मले समजलं. त्याच्यावर आनखी तुमच्या दारात येऊन तुमाले तरास कशाले देऊ?’’

हातातल्या फडक्याची मी कितीदा घडी केली आणि उलगडली ते माहीत नाही. हिंदीत शिकस्त म्हणजे हार. रोजच्या हिंदी वर्तमानपत्रात असते, निवडणुकीच्या बातमीत, कुस्तीच्या बातमीत. मी रोज वाचत होते. अकरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. न कळलेला शब्द तो हमखास विचारायचा. हा शब्द त्याला चांगला कळत होता, तो कशाला विचारेल? आणि खेड्यातल्या बोलण्यात आपण हा शब्द कुठं वापरतो? तो पुस्तकातला शब्द. रहस्यकथांत तो येत नाही. किल्ल्याच्या कादंबरीत पानोपानी येतो. गड राखायची शिकस्त, धान्य पुरवायची शिकस्त. पहिल्या वीस पानांत त्याला तो भेटला असता, शिबंदी हरली म्हणता म्हणता पुढच्या पानावर लढताना दिसली असती, आणि त्यानं कपाळाला आठ्या घालून मला विचारलं असतं. मी हसले असते. मीच ती कादंबरी शेवटी ठेवली होती. सावकाश, तयार झाल्यावर.

मला ओरडून सांगायचं होतं. तोंडाशी आलंही. तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘एक सांगू? मले तुमचा राग कधीच नाई आला. माह्यासाठी कोनी घरच्याईशी भांडलं, हरेपर्यंत भांडलं, ह्याचंच मले लय वाटे. बायकोलेही सांगतलं मी. ती म्हने, मोठ्या मनाची बाई असन.’’

आणि तो हसला. अगदी निवांत हसला. अकरा वर्षांत त्यानं माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट जपली होती आणि मी त्याच्याबद्दल एक वाईट. त्याच्यापाशी दोन मुली होत्या, ती न पाहिलेली बायको होती. शब्दाचा अर्थ सांगितला तर त्याला काय मिळणार होतं? माझ्या ओसरीवर एक माणूस दोन रविवार त्याची वाट पाहत बसला होता, एवढंच ना? मी गप्प राहिले. ते माझ्या स्वभावात नाही.

जायला उठताना तो कपाटापाशी गेला. ‘‘आता मुलींना मराठी शिकवाचं म्हनतो. आपनच विसरून राह्यलो. त्याची ती किल्ल्याची राह्यली होती ना वाचाची? तुमी म्हनत होत्या, सगळ्यात भारी आहे. द्या ना ती. परसवाड्याहून वापस येताना देऊन जाईन.’’

ती माझ्या मागे, वरून दुसऱ्या कप्प्यात होती. मी सरकून तिच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, ‘‘तिला वाळवी लागली. फेकली. आणि तेवढी काही खास नाही ती, उगाच पाल्हाळ आहे. तुम्हाला रहस्यकथाच बऱ्या.’’ ज्या पुस्तकासाठी मी लोकांशी भांडायची त्याच्याबद्दल मी हे बोलले. विहिरीतल्या घागरीची रहस्यकथा काढून त्याच्या हातात दिली, ती त्यानं आधी वाचलेली होती. त्यानं ती तशीच पिशवीत टाकली. चिठ्ठी मी ठेवली नाही.

उंबऱ्यावर थांबून तो म्हणाला, ‘‘तुमचे बाबूजी आहेत ना बरे?’’

‘‘गेले. तीन वर्षं झाली.’’

‘‘अरे.’’ त्यानं पायात चप्पल सरकवली. मग मला बरं वाटावं म्हणून, समजूत घातल्यासारखं बोलला, ‘‘त्याईचा काही दोष नव्हता. त्या काळी कोनाचाही बाप नाईच म्हनला असता.’’

माझे बाबा नाही म्हणाले नव्हते. सबंध गावात तो एकटा बाप होता जो नाही म्हणाला नव्हता.

मी म्हटलं, ‘‘हौ.’’